आधी त्याचे कागद मोकळे करा, मग विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरी-करिअरच्या पानांवर राजीनामा कसा द्यावा, नोटीस पिरियडमध्ये कसं वागावं, काउंटर ऑफर, म्हणजे थांबवण्यासाठी जुन्या कंपनीने देऊ केलेला वाढीव पगार, घ्यावी का, असं पुष्कळ छापून येतं आणि ते सगळं जाणाऱ्याने काय करावं याबद्दल असतं. मला दुसऱ्या बाजूबद्दल लिहायचंय, म्हणजे माणूस निघताना कंपनी त्याच्याशी जे शेवटचं बोलणं करते, ज्याला सगळे एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात, त्याबद्दल. मी बरीच वर्षं एचआरमध्ये काढलीत, या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेय, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक ठिकाणी हा इंटरव्ह्यू ज्या पद्धतीने घेतला जातो त्यातून खरं काही कळणं शक्यच नसतं. ते कळायला तर हवं, कारण रोज ते काम करणाऱ्याला कुठे काय अडतंय, कोण कुणाला त्रास देतंय, कुठला नियम नुसताच कागदावर आहे, हे जितकं माहीत असतं तितकं वर बसलेल्या कुणालाच माहीत नसतं, आणि तो गेला की ते त्याच्याबरोबर जातं.

पद्धत कशी असते बघा. शेवटचा दिवस, दुपार उलटलेली, माणूस नो ड्यूजचा, म्हणजे कुणाचं काही देणं बाकी नाही असा, फॉर्म घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. आयटीने लॅपटॉप घेऊन सही दिली, ॲडमिनने आयडी कार्ड आणि ड्रॉवरची किल्ली घेऊन सही दिली, अकाउंट्सने ॲडव्हान्स वगैरे काही बाकी नाही बघून सही दिली, आणि शेवटचा रकाना एचआरचा, त्यात लिहिलेलं असतं एक्झिट इंटरव्ह्यू. ती सही झाली की रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, निघणार, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, पुढे सरकणार, उद्या नव्या कंपनीतून व्हेरिफिकेशनचा फोन आला तर तो उचलणारे पण हेच. आणि हेच लोक समोर बसून विचारतात, मग, का सोडताय? आता यावर कोण खरं बोलेल? ज्याच्या हातात आपला कागद अडकलाय त्याच्यासमोर कुणीही समजूतदार माणूस हेच सांगणार की चांगली संधी मिळाली, इथे खूप शिकायला मिळालं, टीम छान होती. पोर्टलवरचा फॉर्म असेल तर अजूनच सोपं, यादीतून बेटर ऑपॉर्च्युनिटी निवडायचं आणि सबमिट दाबायचं. मग वर्षाअखेरीला त्याचा पाय चार्ट होतो, मीटिंगमध्ये दाखवला जातो, त्यात दिसतं की लोक पगारासाठी जातात, मॅनेजमेंट म्हणते बाजाराच्या मागे आपण किती धावणार, आणि विषय तिथेच संपतो.

लोक निघताना एक सांगतात आणि नंतर वेगळंच सांगतात, ही माझ्या एकटीची समजूत नाहीये. 1985 साली झरांडोना आणि कामुसो या दोन अभ्यासकांनी नेमकं हेच तपासून बघितलं होतं. नोकरी सोडतानाच्या इंटरव्ह्यूमध्ये 38 टक्के लोकांनी पगार आणि इतर लाभ हे कारण दिलं, आणि वरिष्ठांमुळे जातोय असं म्हणणारे होते जेमतेम 4 टक्के. 18 महिन्यांनी परत विचारलं तेव्हा पगाराचं कारण 12 टक्क्यांवर आलं आणि वरिष्ठांचं 24 टक्क्यांवर गेलं. म्हणजे ज्या कंपनीने पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवून पगाराचं कोष्टक बदललं असतं तिचा पैसाही गेला असता आणि माणसंही जातच राहिली असती, कारण दुखणं दुसरीकडेच होतं. माझ्या बघण्यातही हेच आलंय, ज्यांनी फॉर्मवर पगार लिहिला त्यांच्याशी नंतर निवांत बोलणं झालं की पगार हा शब्द तिसऱ्या-चौथ्या वाक्यात कुठेतरी यायचा, आधी यायचं ते सगळ्यांसमोर झालेला अपमान, वर्षभर केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर लागणं, नाहीतर आजारी असताना आलेले फोन.

म्हणून माझं सगळ्यात आग्रहाचं म्हणणं हे की एक्झिट इंटरव्ह्यू त्या नो ड्यूजच्या फॉर्मवरून काढून टाका. आधी रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र सही करून त्याच्या हातात द्या, शेवटच्या दिवसाची तारीख टाकून आधीच तयार ठेवता येतं, त्यात काही अवघड नाही. पैसे कधी आणि किती मिळणार हे लेखी द्या. नव्या ठिकाणाहून चौकशी आली तर आम्ही फक्त कामाचा काळ आणि हुद्दा सांगू, बाकी काही नाही, हे पण लिहून द्या आणि तसंच वागा. हे सगळं झाल्यावर सांगा की आम्हाला तुमच्याशी बोलायला आवडेल, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नाही आलात तरी काही अडणार नाही. माझ्या ओळखीतले एचआरवाले यावर लगेच म्हणतात की मग कुणी येणारच नाही. मला हे पटत नाही आणि अनुभवही तसा नाहीये. काही जण नाही येत, त्यांना मनापासून शुभेच्छा द्या आणि सोडून द्या. पण बरेच येतात, कारण ज्या जागी आपण इतकी वर्षं घालवली तिथे आपलं कुणीतरी नीट ऐकून घ्यावं असं माणसाला वाटतंच, आणि जे येतात ते मोकळं बोलतात. जबरदस्तीने बसवलेल्या सगळ्यांकडून मिळालेल्या छान होतं, छान होतं पेक्षा आपणहून आलेल्या थोड्यांचं बोलणं कितीतरी कामाचं असतं.

आता विचारायचं कुणी. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये 2016 साली एव्हरेट स्पेन आणि बोरिस ग्रॉयस्बर्ग यांनी या विषयावर लिहिलं होतं, त्यांनी ज्या कंपन्यांची माहिती घेतली त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश कंपन्या एक्झिट इंटरव्ह्यू घेत होत्या, आणि घेणाऱ्यांपैकी जवळपास 71 टक्के ठिकाणी ते काम एचआरकडे होतं, सुमारे 19 टक्के ठिकाणी खुद्द त्या माणसाच्या थेट वरिष्ठाकडे. थेट वरिष्ठाने घेणं तर मला अजिबातच मान्य नाही. ज्याच्यामुळे जायची वेळ आली असेल त्याच्याच समोर बसवून कारण विचारायचं, आणि बॉस चांगला असला तरी त्याचं मन दुखवायला नको म्हणून माणूस गप्प बसतो. त्या लेखकांचं म्हणणं होतं की बॉसच्या बॉसने किंवा त्याच्याही वरच्याने बोलावं, कारण त्याच्याकडे काही बदलायचा अधिकार असतो आणि आपलं बोलणं खरंच कुणीतरी वरचं ऐकतंय हे समोरच्याला दिसतं. मला हे बऱ्यापैकी पटतं, फक्त एक अट, बॉसच्या बॉसचा आणि बॉसचा घरोबा नसावा. तसा असेल तर दुसऱ्या विभागातला एखादा जुना, सगळ्यांना विश्वास वाटतो असा माणूस बघा. प्रत्येक ऑफिसात असं कुणीतरी असतंच, आणि तो कोण हे चहाच्या वेळी कोणाच्या टेबलाभोवती लोक जमतात त्यावरून कळतं.

वेळेबद्दल थोडक्यात. शेवटचा दिवस नको, त्या दिवशी माणूस मनाने गेलेला असतो आणि सेंड ऑफच्या गडबडीत असतो. राजीनामा दिला त्या दिवशीही नको, तेव्हा दोन्ही बाजू तापलेल्या असतात, आणि कंपनीचा निम्मा जीव त्याला थांबवण्यात अडकलेला असतो. थांबवायचं बोलणं वेगळं आणि हे बोलणं वेगळं, ते एकत्र केलं की समोरचा जे बोलतो ते सौदा म्हणून बोलतो. नोटीस पिरियडच्या मधल्या काळात एकदा बोला, आणि गेल्यावर काही महिन्यांनी परत एक फोन करा. तो दुसरा फोन फार कमी लोक करतात आणि खरं तर सगळ्यात जास्त त्यातूनच कळतं, कारण तोपर्यंत राग निवलेला असतो, भीती गेलेली असते आणि दुसरी कंपनी आतून बघून झालेली असल्यामुळे तुलना करता येते.

कसं विचारायचं याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथे जुन्या काळची एक फार मोलाची गोष्ट आहे. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता, तिथे 1928 ते 1930 या काळात 20 हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. ते सोडून जाणारे लोक नव्हते, कामावर असलेलेच होते, पण शिकायचं ते सारखंच आहे. सुरुवातीला मुलाखत घेणारे ठरलेले प्रश्न घेऊन बसायचे, काम कसं वाटतं, जागा कशी वाटते, साहेब कसा आहे. त्यांच्या लक्षात आलं की कामगार प्रश्नाचं उत्तर देता देता भलतीकडेच जातात आणि तिथेच रमतात, आणि आपण त्यांना ओढून परत प्रश्नावर आणतोय. मग त्यांनी प्रश्नांची यादीच सोडून दिली, कामगाराला जे बोलायचंय ते बोलू द्यायचं, मध्ये सल्ला द्यायचा नाही, वाद घालायचा नाही, नुसतं लक्ष देऊन ऐकायचं. तर अर्ध्या तासात संपणाऱ्या मुलाखती तास-दीड तास चालायला लागल्या. म्हणजे जवळपास शंभर वर्षांपूर्वी हे कळलेलं आहे आणि आपण अजून एक ते पाचमध्ये गुण द्या असले फॉर्म भरून घेतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरी एक प्रश्न मी नक्की विचारायला सांगेन, आणि तो 'का सोडताय' हा नाही. 'का' विचारलं की माणूस कारण तयार करून देतो, सभ्य दिसेल असं. त्याऐवजी विचारा, इथून जावं हे पहिल्यांदा कधी मनात आलं, त्या दिवशी काय झालं होतं? थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल या संशोधकांनी 1994 साली मांडलं होतं की नोकरी सोडण्यामागे नेहमी हळूहळू साठलेली नाराजीच असते असं नाही, पुष्कळदा एखादी धक्का देणारी घटना घडते आणि तिथून माणूस विचार करायला लागतो, ती घटना ऑफिसातली असेल नाहीतर घरातली. 'कधी' या प्रश्नाला बनवून सांगितलेलं उत्तर चालत नाही, माणूस थोडा थांबतो, आठवतो आणि मग एखादा दिवस सांगतो, आणि त्या दिवसात सगळं असतं.

एका ठिकाणी आमच्या एका विभागातून पाठोपाठ चांगली माणसं जात होती, सगळ्यांच्या फॉर्मवर तेच, बेटर ऑपॉर्च्युनिटी. गेलेल्यांना नंतर फोन करून हा 'कधी'चा प्रश्न विचारला तर जवळजवळ सगळ्यांचा दिवस एकाच प्रकारचा निघाला. पुढच्या आठवड्याच्या शिफ्टचा रोस्टर आदल्या रात्री उशिरा ग्रुपवर पडायचा, त्यामुळे कुणाची आईला दवाखान्यात न्यायची अपॉइंटमेंट बुडाली, कुणाच्या मुलीचा शाळेतला कार्यक्रम हुकला, कुणाला परीक्षेचा फॉर्म भरूनही पेपरला जाता आलं नाही. पगाराबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती, साहेबांबद्दलही नव्हती. रोस्टर काही दिवस आधी लावायला एक पैसा लागत नव्हता, तो तसा लागायला लागला आणि त्या विभागातली गळती बरीच कमी झाली. हे कुठल्याही ड्रॉपडाउनमध्ये कधीच आलं नसतं, कारण रोस्टर उशिरा येतो असा पर्याय तिथे कुणी ठेवलेला नसतो.

ऐकताना एक पथ्य पाळायला फार जड जातं, ते म्हणजे कंपनीची बाजू न मांडणं. समोरचा म्हणाला की प्रमोशनमध्ये अन्याय झाला, की लगेच आपल्या तोंडावर येतं, नाही पण त्या वर्षी बजेटच नव्हतं. ते खरं असेलही, पण तुम्ही ते म्हणालात की समोरच्याला कळतं की इथे पण वादच घालायचाय, आणि तो आवरतं घेतो. लॅपटॉप उघडून टाइप करत बसू नका, कागदावर थोडं टिपा, त्याच्याच शब्दात टिपा. तो म्हणाला मला माणूस म्हणून मोजत नव्हते, तर तसंच लिहा, त्याचं एम्प्लॉयी एंगेजमेंटचे प्रश्न असं करू नका, कारण तसं केल्यावर वाचणाऱ्याला काहीच टोचत नाही. शेवटी लिहिलेलं त्याला वाचून दाखवा आणि यातलं काही काढायचंय का विचारा.

गुप्ततेबद्दल खोटं आश्वासन देणं हे मला सगळ्यात मोठं पाप वाटतं. चार जणांच्या टीममधून एक जण गेला आणि पुढच्या आठवड्यात त्या टीमच्या मॅनेजरला सांगितलं की अशी अशी तक्रार आलीये, तर नाव न सांगताही नाव सांगितल्यासारखंच आहे. म्हणून लहान टीममधलं बोलणं लगेच पुढे पाठवू नये, सहा महिन्यांतलं, जास्त लोकांचं एकत्र करून मांडावं. पण याला अपवाद आहेत आणि ते बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगायला हवेत. लैंगिक छळ, पैशांची अफरातफर, कुणाच्या जिवाला धोका होईल असं काही कानावर आलं तर ते मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही, मला पुढे न्यावं लागेल, हे सरळ सांगा. काही जण मग ते सांगणार नाहीत, चालेल. त्याने विश्वासाने सांगितलं आणि मग त्याला न विचारता चौकशी सुरू झाली, असं कुणाच्याही बाबतीत होऊ नये.

आणि या सगळ्याचं पुढे काय होतं? मघाशी ज्या लेखाचा उल्लेख केला त्यात हेही होतं की इंटरव्ह्यू घेणाऱ्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना विचारलं, यातून तुम्ही ठोस काय बदललं त्याचं एखादं उदाहरण द्या, तर एक तृतीयांशालाही ते देता आलं नाही. म्हणजे लोकांना बसवायचं, बोलतं करायचं आणि फाइल कपाटात. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने 1970 साली मांडलं होतं की एखाद्या संस्थेत बिघाड झाला की माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जायचं किंवा आवाज उठवायचा. सोडून जाणारा आपला आवाजही घेऊन जातो, आणि सगळ्यात आधी पुष्कळदा तेच जातात ज्यांना दर्जाची सगळ्यात जास्त चाड असते. एक्झिट इंटरव्ह्यू ही जागा अशी आहे की जिथे जाता जाता का होईना तो आवाज ऐकता येतो. तो ऐकून काहीच करायचं नसेल तर कृपा करून इंटरव्ह्यू घेऊच नका, कारण मागे राहिलेले बघत असतात. गेलेल्या मित्राने आत काय सांगितलं हे त्यांना बाहेर त्याच्याकडूनच कळलेलं असतं, आणि वर्षभर काही हललं नाही की ते पण शिकतात की बोलून उपयोग नाही, आणि स्वतःची वेळ आली की ते पण बेटर ऑपॉर्च्युनिटी लिहून निघतात. वर्षातून दोनदा राहिलेल्या सगळ्यांना सांगा की गेलेल्या लोकांकडून आम्हाला हे हे कळलं, त्यातलं हे आम्ही बदललं, आणि हे या कारणामुळे बदलू शकत नाही. शेवटचा भाग पण सांगा, लोकांना 'नाही' ऐकायला चालतं, गप्प बसलेलं चालत नाही.

अजून एक गोष्ट मला बरीच वर्षं खुपतेय. हा इंटरव्ह्यू होतो तो पगारपत्रकावर असलेल्या, इंग्रजीत फॉर्म भरू शकणाऱ्या, रीतसर राजीनामा देणाऱ्यांचा. काँट्रॅक्टवरचे हेल्पर, सिक्युरिटीवाले, हाऊसकीपिंगच्या बायका, ड्रायव्हर, यांना जाताना कुणीच काही विचारत नाही, काँट्रॅक्टर माणूस बदलतो आणि काम चालू राहतं. एखादं मशीन धोकादायक आहे, एखादा दरवाजा कायम कुलूपबंद असतो, रात्री एखादा माणूस नीट वागत नाही, हे सगळ्यात आधी त्यांना माहीत असतं. त्यांच्यासाठी फॉर्म नको, त्यांना समजेल अशा भाषेत दहा मिनिटं उभ्याउभ्या बोललं तरी पुरेसं आहे, फक्त बोलणारा काँट्रॅक्टरचा माणूस नसावा. आणि दुसरे ते, जे एक दिवस न सांगता यायचेच बंद होतात. त्यांच्या नावापुढे आपण ॲब्स्काँडिंग, म्हणजे न सांगता पळून गेलेला, असं लिहितो आणि फाइल बंद करतो. काही जण दुसरीकडे जास्त पैसे मिळाले म्हणून जात असतील, पण काही जणांना राजीनामा द्यायला परत त्या माणसासमोर उभं राहायचंच नसतं. त्यांना नोटीस पाठवायच्या आधी एक साधा फोन करावा, तुम्ही ठीक आहात ना, एवढंच विचारावं, पुढचं ते आपणहून सांगतात.

ज्यांना कंपनीनेच काढलंय त्यांना का सोडताय विचारणं तर क्रूरपणा आहे, तरी मी ते होताना बघितलंय, कारण सिस्टिममधून फॉर्म आपोआप जातो. तो आधी बंद करा. त्यांच्याशी बोलायचंच असेल तर निर्णय कसा कळवला गेला, पुढच्या कामासाठी आमच्याकडून काय मदत हवी, एवढंच विचारा, आणि ते काहीच बोलले नाहीत तरी वाईट वाटून घेऊ नका.

आपले पुष्कळ वाचक छोटे व्यवसाय चालवणारे असतील, त्यांच्याकडे एचआर नसतं, मालक हाच बॉस आणि बॉसचा बॉस. त्यांना वाटेल हे आपल्यासाठी नाही. उलट त्यांच्याकडे हे सगळ्यात लवकर जमू शकतं, कारण मध्ये कुणी नसतं आणि सकाळी ऐकलेलं दुपारी बदलता येतं. फक्त मालकाने समोर बसून विचारू नये, तिथे कुणी बोलणार नाही, व्यवसायाशी संबंध नसलेल्या एखाद्या विश्वासातल्या माणसाला विचारायला सांगावं, आणि त्याच्याकडून कोण बोललं हे काढून घ्यायचा प्रयत्न करू नये. तेवढं कुणी मिळत नसेल तर माणूस गेल्यावर, त्याचे सगळे पैसे पोचल्यावर, दोन-तीन महिन्यांनी मालकाने स्वतः फोन करावा, परत येतोस का हे विचारू नये, आणि म्हणावं की तुझ्या जागी आता नवीन मुलगा आलाय, तो टिकावा म्हणून मी काय करू ते सांग.

आपली,
एक नियमित वाचक